कोरडवाहू मुलखात घराभोवती झाडे लावताना

सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातलाही मोठा हिस्सा मृग-आर्द्रात पडत नाही, तो परतीच्या पावसात सप्टेंबरच्या आसपास येतो. अशा ठिकाणी गावाबाहेर दहा गुंठ्यांत आम्ही घर बांधले, त्या वर्षीच्या जुलैत हौसेने चौदा रोपे लावली आणि पुढच्या जूनपर्यंत त्यातली नऊ वाळून गेली. रोपे निवडताना आम्ही जुलै महिना डोळ्यांसमोर ठेवला होता, त्यांना जगायचे मात्र मे महिन्यात होते. पुढच्या खेपेला आम्ही उलट दिशेने विचार केला. मे महिन्यात आपल्याकडे पाणी किती असते, जमीन कशी असते, ऊन कुठून येते आणि कोणत्या झाडाच्या अंगावर तेव्हा पाने असतात, हे आधी पाहिले आणि मगच रोपवाटिकेची पायरी चढलो. पुढच्या सर्व पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत, आणि पर्जन्यछायेतल्या इतर तालुक्यांतही त्या थोड्याफार फरकाने लागू पडतील.

१. आधी पाण्याचा हिशेब कागदावर मांडा

पहिल्या वर्षी एका रोपाला किती पाणी लागते, याचा अंदाज घेऊ. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात दर दहा दिवसांनी वीस लिटर दिले, तर बारा पाळ्या होतात, म्हणजे २४० लिटर. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत दर सहा दिवसांनी वीस लिटर धरले, तर साधारण बावीस पाळ्या, म्हणजे ४४० लिटर. एका रोपाला ६८० लिटर आणि बारा रोपांना आठ हजारांच्या थोडे वर. एकट्या मे महिन्याचा वाटा बाराशे लिटर आहे, आणि ज्या महिन्यात बोअर अर्धा तास चालून खाकरायला लागतो, त्याच महिन्यात ते लागतात. हे बाराशे लिटर तुमच्याकडे खात्रीने नसतील, तर बाराऐवजी सहाच रोपे लावा. सहा जगलेली झाडे बारा वाळलेल्या काड्यांपेक्षा नक्कीच जास्त सावली देतात.

आता याच पानावर छताचा हिशेब मांडा. एक हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, या नियमाने ५०० मिलिमीटर पावसात त्यावर साडेशेचाळीस हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी सदतीस हजार लिटर हाती लागतात. एवढी टाकी कोणी बांधत नाही, हे खरे. पण दहा हजार लिटरची टाकी परतीच्या पावसात भरून झाकून ठेवली, तर वर केलेला सगळा हिशेब तेवढ्यात बसतो. शिवाय या पाण्यात बोअरच्या पाण्यातले क्षार नसतात. ज्यांच्या बादलीच्या काठावर पांढरा थर चढतो, त्यांच्या रोपांना हा फरक पहिल्याच वर्षी जाणवतो.

हिरवळीचा मोह असेल, तर तोही याच कागदावर मोडून टाका. उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर धरले, तरी हजार चौरस फुटांच्या लॉनला रोज ४६५ लिटर लागतात. तेवढ्या पाण्यात बारा रोपांच्या जवळजवळ दोन पाळ्या होतात.

२. माती ओळखा

आमच्या दहा गुंठ्यांत तीन प्रकारची जमीन निघाली. पुढच्या बाजूला दीड फुटावर मुरूम लागला, मागे काळी माती, आणि एका कोपऱ्यात बांधकामाचा राडारोडा पसरून वर चार इंच लाल माती टाकलेली होती. हा शेवटचा प्रकार नव्या घरांच्या आवारात सर्रास आढळतो आणि तो वरून दिसत नाही, म्हणून जिथे झाड लावायचे त्या प्रत्येक जागी पहार मारून पाहावी. सिमेंट आणि चुना मिसळलेला राडा निघाला, तर तो उचलून टाकावा लागतो. त्यावर खत घालून काहीही साधत नाही.

पाण्याचा निचरा पाहण्यासाठी दोन फूट खोल खड्डा घ्या, तो पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या आणि पुन्हा भरा. पहिल्या वेळी काळ्या मातीच्या भेगांतून पाणी झटकन निघून जाते आणि फसवते, म्हणून दुसऱ्या भरणीचीच वेळ मोजायची. चोवीस तासांनंतरही तळाशी पाणी असेल, तर तिथे रोप खड्ड्यात न लावता जमिनीपासून वीतभर उंच केलेल्या गादीवर लावावे. काळ्या रानातली रोपे उन्हाळ्यात जितकी मरतात, जवळजवळ तितकीच सप्टेंबरातल्या झडीत मुळ्या कुजून मरतात. आपण मात्र त्यांच्या मरणाची तारीख मे महिन्यातली धरतो.

चुनखडी आहे का, हे पाहण्यासाठी मातीच्या ढेकळावर थोडे व्हिनेगर ओता. फसफसले, तर चुना आहे. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही, कोवळी पाने शिरा तेवढ्या हिरव्या ठेवून पिवळी पडतात आणि शेतकरी त्याला केवडा पडला म्हणतात. कडुनिंब, बोर, हिवर, शमी यांना या जमिनीचे फारसे वावडे नाही. शंका असेल, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत माती आणि बोअरचे पाणी दोन्ही तपासून घ्यावे. अहवालात सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे पाहायचे.

३. जागा ठरवा, आणि ती पश्चिमेपासून ठरवा

मीही सुरुवातीला दक्षिणेच्या भिंतीला सावली करायला निघालो होतो. आपल्या अक्षांशावर ते चुकते. सांगोल्याच्या आसपास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो आणि त्यानंतर काही आठवडे तो उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, आणि दुपारी तीन ते सहा या वेळेत भाजते ती पश्चिमेची आणि वायव्येची बाजू. मोठ्या सावलीचे झाड तिथेच हवे.

अंतराच्या बाबतीत लाजू नका. चिंच, शिरीष, वड, पिंपळ घरापासून पंचवीस-तीस फुटांच्या आत नको. वड आणि पिंपळ तर दहा गुंठ्यांत लावूच नयेत, त्यांची जागा देवळाच्या पारावर किंवा गावठाणाच्या मोकळ्या जमिनीवर आहे. कडुनिंब आणि करंजाला पंधरा फूट, तर बहावा, आपटा, कांचन यांना दहा फूट पुरतात. वरून विजेची तार जाते का आणि खालून पाण्याची किंवा सांडपाण्याची नळी जाते का, हे नकाशावर खूण करून ठेवा. तारेखाली लावलेल्या झाडाचा शेंडा दर पावसाळ्याआधी छाटला जातो आणि त्याचा खराटा होतो. शहराच्या हद्दीत असाल, तर चुकीच्या जागी वाढलेले झाड आपल्याच आवारातले असले तरी परस्पर तोडता येत नाही. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

४. झाड निवडताना मे महिन्यातली पाने पाहा

कमी पाण्यावर जगणारे प्रत्येक झाड उन्हाळ्यात सावली देतेच, असे नाही. पाणी वाचवण्यासाठी पाने गाळून बसणे हीच अनेक झाडांची युक्ती असते. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडतो, तेव्हा त्याच्यावर पाने जेमतेम असतात. पळस फुलतो तोही निष्पर्ण. ही झाडे डोळ्यांसाठी लावावीत, सावलीसाठी नव्हे. उलट कडुनिंब मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी घेतो आणि वैशाखात भरगच्च असतो. करंजाचेही तसेच, त्याची एप्रिलमधली पोपटी पालवी पाहण्यासारखी असते. शिरीष हिवाळ्यात शेंगा खुळखुळवत उघडा उभा राहतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पालवतो, त्यामुळे थंडीत ऊन आणि उन्हात सावली असा दुहेरी लाभ होतो. चिंच वाढायला सावकाश, पण तिची सावली सर्वांत गार, हे आमच्याकडच्या कोणत्याही गुराख्याला विचारावे.

पश्चिमेच्या मोठ्या जागेसाठी मी कडुनिंब, करंज, शिरीष किंवा चिंच यांतून निवडेन. मधल्या जागांसाठी आपटा, कांचन, बहावा, मेढशिंगी. खायला काही हवे असेल तर सीताफळ, बोर, कवठ, आवळा आणि शेवगा. शेवग्याची फांदी मात्र ठिसूळ असते, ती वाहनतळावर येऊ देऊ नये. ज्यांची जमीन निव्वळ मुरमाड आहे आणि ज्यांच्याकडे धीर आहे, त्यांनी अंजन लावून पाहावा. खानदेशातल्या उघड्या टेकड्यांवर हे झाड खडकाच्या फटीत मूळ घालून उभे असते. पहिली काही वर्षे त्याचे रोप जमिनीच्या वर जवळजवळ हालत नाही, कारण त्याचे सगळे काम खाली चाललेले असते. आमच्या रोपाला दोन पावसाळ्यांत गुडघ्याएवढीही उंची आली नव्हती, आणि आमच्या आईने ते दोनदा उपटून टाकायला सांगितले होते.

कुंपणाच्या कडेला तरवड, निरगुडी, करवंद, मेंदी, बोगनवेल आणि अडुळसा एकदा लागले की फार काही मागत नाहीत. कण्हेरही तशीच काटक, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो, म्हणून घरात लहान मुले किंवा दारात शेळ्या असतील तर टाळावी.

ज्यांच्या वाटेला जाऊ नये, अशांची यादीही छोटी आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, लवकर वाढतो, पण लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असल्यामुळे वळवाच्या वादळात आडवा होतो. कोनोकार्पस मिरवायला हिरवागार असतो, पण त्याची मुळे नळ्या आणि पाया शोधत जातात आणि परागकणांमुळे त्रास होतो अशा तक्रारी आहेत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. वेडी बाभूळ आणि सुबाभूळ विकत आणण्याचे काम नाही, ती आपणहून येतात आणि मग जात नाहीत.

५. साहित्य आणि कागद आधी गोळा करा

• पहार, टिकाव, फावडे, दोन घमेली आणि मोजपट्टी
• घराचा मंजूर नकाशा आणि नळ्या व तारा कुठून जातात याची हाताने काढलेली आकृती
• माती आणि पाण्याचे तपासणी अहवाल. नमुना देताना गट क्रमांक विचारतात
• पूर्ण कुजलेले शेणखत, खड्ड्याला दोन घमेली, आणि पाव किलो निंबोळी पेंड
• प्रत्येक रोपाला एक कच्च्या भाजणीचे, रंग न दिलेले मडके, साधारण सहा लिटरचे
• बांबूच्या काठ्या, सुती चिंध्या, आणि कुंपणासाठी बोरी-बाभळीच्या फांद्या
• आच्छादनासाठी पाचट, भुसा किंवा वाळका पाला, प्रत्येक झाडाला निदान एक पोते

शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला, तर ते अजून कुजलेले नाही असे समजावे. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर मुळे खाणारी हुमणी अळी येते, वाळवी येते, आणि खड्ड्यात उष्णता होऊन कोवळी मुळे भाजतात.

६. खड्डे एप्रिलमध्ये घ्या

मातीसाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल, तर मुरमासाठी तिन्ही बाजूंनी तीन फूट. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवा. महिनाभर खड्डा उन्हात तापू द्या आणि वळीव पडून गेल्यावर वरच्या मातीत शेणखत व पेंड मिसळून भरा. जेसीबीच्या बकेटने खड्डा घेतला असेल, तर त्याच्या बाजू गुळगुळीत दाबल्या जातात आणि मूळ तिथून वळते. पहारीने त्या बाजू खरवडून घ्याव्यात. खड्ड्यात निव्वळ खत आणि विकतची माती भरण्याचा मोह टाळा, कारण अशा मऊ गादीतली मुळे बाहेरच्या मुरमात शिरायला तयार होत नाहीत आणि झाड जमिनीत गाडलेल्या कुंडीत वाढल्यासारखे राहते.

७. रोपवाटिकेत उंची पाहू नका, पिशवी पाहा

सामाजिक वनीकरण आणि वन विभागाच्या रोपवाटिकांत देशी जातीची रोपे माफक दरात मिळतात. खासगी ठिकाणीही चांगली मिळतात, पण तिथे सात-आठ फुटांच्या तयार झाडाचा आग्रह होतो. आमचे पहिल्या वर्षीचे सर्वांत महागडे रोप असेच होते. ते वाळल्यावर मी ओढले, तर सहज हातात आले. खालचा मातीचा गड्डा अजून हुबेहूब पिशवीच्या आकाराचा होता. मुळ्या आतल्या आत सुतळीच्या गुंडीसारख्या गोल फिरलेल्या, आणि दहा महिन्यांत एकही मूळ त्या गड्ड्याच्या बाहेर पडलेले नव्हते. आजूबाजूला मी ओतलेले पाणी त्याला कधी मिळालेच नाही.

म्हणून दीड ते दोन फुटांचे, अंगठ्याच्या निम्म्या जाडीचे खोड असलेले, एका वर्षाचे रोप घ्या. माळ्याला पिशवी उचलून दाखवायला सांगा. तळातून मूळ जमिनीत शिरले असेल, तर उचलताना ते तुटते आणि दोन-तीन दिवसांत रोप मान टाकते. असे रोप त्या जागीच सोडावे. आणलेली रोपे आठ-दहा दिवस दारात विरळ सावलीत ठेवून मग लावावीत.

कडुनिंब, चिंच आणि करंज यांचे बी थेट जागेवर टोकणे हा याहून स्वस्त मार्ग आहे, कारण त्यांचे सोटमूळ कधी मोडतच नाही. निंबोळीची उगवणशक्ती मात्र काही आठवड्यांतच जाते, त्यामुळे जून-जुलैत पडलेली ताजी निंबोळी गर काढून लगेच लावावी.

८. लावणीचा दिवस

पहिला पाऊस पडला म्हणून घाई करू नका. आमच्या पट्ट्यात जून-जुलैत वारा भरपूर आणि पाऊस शिंतोड्यांचा, अशी वर्षे अनेक येतात. भरलेल्या खड्ड्यात लोखंडी सळई हाताच्या जोराने फूटभर सहज गेली, तर ओल पुरेशी आहे. जुलैत तसे झाले तर जुलैत, नाहीतर ऑगस्ट-अखेरपर्यंत थांबावे. सप्टेंबर संपल्यानंतर लावू नये, मुळांना उन्हाळ्याआधी वेळच मिळत नाही.

पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा, खोडाला धरून ओढू नका. गोल फिरलेली मुळे दिसली, तर गड्ड्याला तीन-चार ठिकाणी उभे काप द्या. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो भाग जमिनीच्या पातळीत राहिला पाहिजे, चार बोटेही खाली जाता कामा नये. माती पायाने हलकी दाबा, फूटभर अंतरावर मडके गळ्यापर्यंत पुरा आणि त्यावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. पुरण्याआधी मडके रात्रभर भरून ठेवावे. सकाळी बाहेरून ओलसर लागले तरच ते पाझरते. काठीला रोप बांधताना चिंधीची गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आणि सैल असावी.

शेवटी आच्छादन, चार इंच जाड, पण खोडापासून चार बोटे दूर. खोडाला चिकटलेल्या ओल्या पाल्याखाली साल कुजते. आणि त्याच संध्याकाळी काट्यांचे कुंपण, कारण शेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.

९. पहिली दोन वर्षे

रोज तांब्याभर पाणी घालणे ही प्रेमाची चूक आहे. वरची दोन इंच माती ओली राहते, मुळे तिथेच घुटमळतात आणि घरचे लोक चार दिवस लग्नाला गेले की रोप संपते. पाणी एकदम, सावकाश आणि खोल द्यावे. नंतर सळई टोचून पाहावी. ती नऊ इंचांवर अडली, तर अजून द्या. फूटभर गेली आणि टोकाला माती चिकटून आली, तर आठवडाभर हात आवरा. मडके दर चार-पाच दिवसांनी भरत राहिल्यास वरून द्यायचे पाणी निम्म्यावर येते.

पाने दुपारी मलूल झाली म्हणून लगेच नळी घेऊन धावू नये. सकाळी सहाला पाहावे. तेव्हाही मान खाली असेल, तरच पाणी कमी आहे.

आळे दर सहा महिन्यांनी रुंद करत न्या. खाद्यमुळे खोडाशी नसतात, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्या बाहेर असतात. पश्चिमेकडून ऊन लागणाऱ्या कोवळ्या खोडांना फेब्रुवारीत चुना लावला, तर साल भाजून तडकत नाही. करंजाच्या पानांवर फोड आणि पांढऱ्या नागमोडी रेघा दिसतील. त्या दिसायला वाईट, पण झाड त्याने मरत नाही, फवारणीच्या भानगडीत पडू नका. कडुनिंबाचे शेंडे वाळून तपकिरी पडले, तर वाळका भाग छाटून जाळावा आणि थांबावे. बहुतेक झाडे पुढच्या पालवीत सावरतात.

दुसऱ्या वर्षी पाळी पंधरा दिवसांवर न्या आणि दर खेपेला तीस लिटर द्या. खालच्या फांद्या तिसऱ्या वर्षापर्यंत ठेवाव्यात, कारण त्यांनीच खोड जाड होते आणि त्यांचीच सावली खोडावर पडते.

१०. तिसऱ्या वर्षी हात काढून घ्या

तिसऱ्या उन्हाळ्यात देशी झाडांना फक्त एप्रिल आणि मेमध्ये महिन्यातून एकदा, घेराच्या कडेने पन्नास-साठ लिटर पाणी पुरते. काही पाने गळतील, ती गळू द्या. काठी जूनच्या आधी काढा आणि झाड हाताने हलवून पाहा. बुडाशी माती हलली नाही, तर ते उभे राहिले. चिंधी खोडात रुतली असेल, तर ओढू नका, कापून सोडा. मडकी जपून उकरून काढावीत. आमच्या बारांपैकी सात अखंड निघाली. आत पांढरा थर धरला होता, तो चिंच लावून घासला, आणि एक मडके त्याच पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या अंजनाशेजारी पुरले. त्याला अजून वेळ लागणार आहे.